बाजूला होण्याचा दाखला

पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, ही गोष्ट तशी साधी होती. पूल म्हटला की तो कधी ना कधी बंद व्हायचाच. तोंडाशी लावलेल्या फलकावर 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलं होतं, आणि पुढील आदेश ज्यांनी काढायचा ते पूलसाहेब पलीकडच्या काठावर राहत असल्यामुळे त्यांना कार्यालयात पोचता येत नव्हतं. तळ्याला वळसा घालून जाणारा एक रस्ता होता. पण दुरुस्तीचं सामान ठेवायला दुसरी जागा सापडेना, म्हणून ते त्या रस्त्यावर रचून ठेवलं होतं. राहता राहिलं तळं. ते मात्र चालू होतं.

तळ्यावर इंजिनाच्या होड्यांना बंदी होती, कारण गाव तेच पाणी प्यायचं. तेव्हा ठराव झाला की नागरिकांनी शिडाच्या होड्यांतून ये-जा करावी. वारा सर्वांना समान प्रमाणात उपलब्ध आहे. ठरावाला कुणीच विरोध केला नाही. विरोध करणारे सदस्य पलीकडे अडकले होते.

ह्या घडामोडीत टेलरकाकांचं खरं तर चांगभलं व्हायला हवं होतं. धक्क्यासमोर त्यांचं छोटं दुकान, आणि गावात शिडं शिवणारा दुसरा कुणी नाही. महिनाभरात त्यांनी पडदे, चादरी, ताडपत्र्या आणि एका घरच्या सोफ्याचं फुलाफुलांचं कव्हर, एवढ्या सगळ्यांची शिडं शिवून दिली. कुठली होडी कुणाची हे त्यांना शिवणीवरून लांबून कळायचं. पण साठी उलटलेल्या ह्या माणसाचा जीव मशीनवर नव्हता. तो पलीकडच्या काठावर होता, कारण तिथे त्यांची अक्का होती.

अक्का सत्तरीची, एकटी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या बाजूच्या दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती: एकवीस, गुरुवार, सकाळी दहा. अट एवढीच की जवळच्या नातेवाइकाने समोर उभं राहून सही करायची. नातेवाईक आला नाही तर तारीख रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार, आणि अक्काचा नंबर पुन्हा चार महिन्यांनी लागणार. डॉक्टर म्हणाले होते की चार महिन्यांत जे थोडं दिसतंय तेही जाईल. आणि जवळचा म्हणावा असा नातेवाईक ह्या जगात एकच उरला होता.

"छोट्या, येशील ना रे?" अक्काने फोनवर विचारलं.

"येतो अक्का. कसाही करून येतो."

"कसाही नको, धड ये. काल मी अर्धा तास पातेल्याला ओरडत होते, मांजर समजून. पातेलं जागचं हलेना, तेव्हा कळलं."

टेलरकाका हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. सुईत दोरा आधीच होता.

पाण्यात उतरायचं तर दाखला हवा होता. त्यासाठी 'जलशिस्त कक्ष' नावाचं नवं कार्यालय उघडलं होतं, आणि त्यावर एक साहेब नेमले होते. दाखल्याचं पूर्ण नाव 'प्राथमिक नौकानयन परिभाषा व मार्गाधिकार प्रमाणपत्र' असं होतं. लोक त्याला दाखला म्हणत. प्राथमिक दाखल्यावर प्रवासी नेता येत नव्हता, त्यामुळे कुणाच्या होडीत बसून जायची सोयही बंद होती. प्रत्येकाने आपापलं शिकायचं होतं.

शिकवणी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चाले. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, त्यामुळे पाणी दिसून कुणाचं लक्ष विचलित होण्याचा प्रश्न नव्हता. शिकवायला नेमलेले नौकासर पूर्वी टंकलेखन शिकवत. त्यांना पाणी बघितलं की गरगरायचं. ग्लासातलं पाणीसुद्धा ते डोळे मिटून प्यायचे. पण परिभाषेवर त्यांची पकड जबर होती.

"होडी म्हणायचं नाही, नौका म्हणायचं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "काठी म्हणायचं नाही, डोलकाठी म्हणायचं. पुढचं टोक म्हणजे नाळ. आणि इकडची बाजू, तिकडची बाजू हे जमिनीवरचं बोलणं झालं. पाण्यावर वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू असते."

वाऱ्यासाठी टेबलफॅन होता. तो कागदपत्रांच्या कपाटावर ठेवला होता. टेबल हे तळं, आणि त्यावर दोन स्टेपलर ह्या दोन नौका. स्टेपलरच्या तोंडात रुमाल अडकवून शिडं केलेली. सर एकेक स्टेपलर सरकवत नियम सांगत. वारा जिच्या उजव्या अंगाला लागतो ती नौका सरळ जाणार, डाव्या अंगाला लागतो ती बाजूला होणार. दोघींच्या एकाच अंगाला लागत असेल, तर वाऱ्याकडची नौका वाऱ्याआडच्या नौकेला वाट देणार. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने स्वतःच वळसा घ्यायचा. मुलांनी, बाप्यांनी, बायकांनी सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं: वारा कपाटाकडून येतो.

"सर, वारा फिरला तर?" टेलरकाकांनी विचारलं.

"फिरण्याचा खटका मोडलाय," सर म्हणाले. "फिरत नाही."

वीज गेली की सर 'निर्वात स्थिती' असं फळ्यावर लिहून घरी जात.

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. घोटाळा झाला तो पुस्तिकेत. मूळ पुस्तिका वीस पानांची, प्रत्येक पान दोन्ही अंगांनी छापलेलं. पुढच्या बाजूला 'तुम्ही सरळ केव्हा जाल', मागच्या बाजूला 'तुम्ही बाजूला केव्हा व्हाल'. कार्यालयातल्या झेरॉक्स मशीनने दोनशे प्रती काढल्या त्या फक्त पुढच्या बाजूच्या. चूक कुणाची, ह्यावर दोन दिवस कागद फिरला. बाबूंनी मशीनकडे बोट दाखवलं, मशीनवाल्याने बटणाकडे. शेवटी साहेबांनी चूकच रद्द केली. त्यांनी शेरा मारला की उमेदवारांवरचा अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी पाठ्यक्रमाचे दोन पेपर करण्यात येत आहेत. पहिला पेपर सरळ जाण्याचा, दुसरा बाजूला होण्याचा. दाखल्यासाठी कुठलाही एक पुरे.

गावाने ह्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं आणि सगळ्यांनी पहिला पेपर घेतला.

"दुसऱ्याला वाट कशी द्यायची हे मी का शिकू?" किराणावाले शेठ म्हणाले. "ते दुसऱ्याने शिकावं. तो दुसरा आहे."

"मला तर शक्यच नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले. "माझे पेशंट तोंड उघडून बसलेले असतात."

पहिल्या पेपरची रांग तीन महिन्यांवर गेली. टेलरकाका अर्ज घेऊन खिडकीशी उभे राहिले तेव्हा एकवीस तारखेला अडीच आठवडे उरले होते.

"दुसऱ्या पेपरला जागा आहे का?" त्यांनी विचारलं.

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आहे म्हणजे काय काका, नुसती जागाच आहे."

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती काजं करत होती. तिने मान वर केली नाही. "घ्या हो. नाही तरी जन्मभर तेच करत आलात. निदान त्याचा एक कागद तरी मिळेल."

टेलरकाकांसाठी पुस्तिका उलटी घालून मागच्या बाजूंची एक प्रत काढावी लागली. शिलाई मशीनवर पाय मारता मारता त्यांनी ती पाठ केली. शेवटच्या पानावर अगदी खाली एक वाक्य होतं: मार्गाधिकार असो वा नसो, टक्कर टळावी म्हणून प्रत्येक नौकेने जे करता येईल ते करावे. टेलरकाकांनी त्याखाली खडूने रेघ मारली आणि ते सरांना नेऊन दाखवलं. सरांनी ते दोनदा वाचलं. "वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले, "पण हे पहिल्या पेपरला नाही."

परीक्षा तोंडी होती. दुसऱ्या पेपरची परीक्षा कशी घ्यायची हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती कधी झालीच नव्हती. टेलरकाका सकाळी नऊला जाऊन कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले. पहिल्या पेपरवाले एकेक जण येत आणि "काका, माझं जरा अर्जंट आहे" म्हणून आत घुसत. काका गुडघे आवरून घेत. एकाने तर "तुम्ही बसलेलेच आहात, तर ही पिशवी सांभाळा" म्हणून पिशवीही दिली. संध्याकाळी परीक्षक कुलूप लावायला बाहेर आले, तेव्हा बाकावर फक्त टेलरकाका आणि पिशवी होती. परीक्षकांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: 'उमेदवार सर्वांना पुढे जाऊ देऊन शेवटी उरला. प्रात्यक्षिकासह उत्तीर्ण.'

दुसऱ्या दिवशी पहिल्या पेपरवाल्यांचा पहिला मोठा जथा पाण्यात उतरला. टेलरकाका दुकानाच्या पायरीवरून बघत होते. दोन होड्या समोरासमोर आल्या की एकच सवाल उठे: "कपाट कुठे आहे?" कुणी म्हणे डोंगराकडे, कुणी म्हणे पाण्याच्या टाकीकडे. नऊ वाजता शेठची होडी आणि डॉक्टरांची होडी एकमेकींसमोर आल्या. शेठचं शीड सोफ्याच्या कव्हरचं, डॉक्टरांचं पांढऱ्या पडद्याचं. दोघांनी आपापले दाखले वर धरले. दाखले धरायला हात हवा, म्हणून दोघांनी सुकाणू सोडलं. मग जो आवाज झाला तो गावभर ऐकू गेला.

चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की दोन्ही नौका नियमाप्रमाणे सरळ जात होत्या आणि दोन्ही नियमाप्रमाणे बुडाल्या. कुणाचीच चूक नसल्यामुळे कुणालाच काही विचारता येईना. वाऱ्याबद्दल पुन्हा संभ्रम नको म्हणून साहेबांनी ते कपाट चार हमालांकरवी दुसऱ्या मजल्यावरून उतरवून धक्क्यावर ठेवलं. त्या बाजूने न येणारा वारा अनधिकृत समजावा, असा फलक त्यावर लावला. फलक पहिल्याच झुळकेने उडाला. झुळूक टाकीकडून आली होती.

पण होड्या आदळायच्या थांबल्या नाहीत. आठ दिवसांत अकरा बुडाल्या. टेलरकाका धुऊन वाळवलेली शिडं पुन्हा पुन्हा शिवत होते. तेव्हा साहेबांनी फाईल मागवली, चष्मा लावला आणि एक सूक्ष्म गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सरळ जाण्याचा हक्क बजावायचा तर समोर बाजूला होणारा लागतो. तो नसेल तर हक्क नुसता कागदावर राहतो, किंवा पाण्याखाली. आणि संपूर्ण तळ्यावर बाजूला होण्यास पात्र असा इसम एकच होता.

परिपत्रक निघालं. बाजूला होणारी नौका उपस्थित असल्याखेरीज कोणीही आपला हक्क बजावू नये. सदर नौकेने रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तळ्यावर हजर राहावे; अंधारात तळे बंद राहील.

रविवारी टेलरकाका आपल्या छोट्या होडीतून निघाले, ते थेट अक्काकडे पोचायचं आणि एकवीस तारखेपर्यंत तिथेच राहायचं असं ठरवून. पिशवीत दोन सदरे, अक्कासाठी नवी उशी. होडी काठापासून हातभर गेली असेल नसेल, तोच डावीकडून हाक आली, "काका, जरा इकडे या हो, मला सरळ जायचंय." काका गेले, बाजूला झाले. लगेच उजवीकडून हाक आली. मग मागून. दोन-दोन होड्या नाकाला नाक लावून तळ्याच्या मधोमध थांबून राहत आणि काका आले की त्यांना एकदा ह्याच्यासाठी आणि एकदा त्याच्यासाठी बाजूला व्हायला लावत. संध्याकाळी टेलरकाका घरी परतले तेव्हा दिवसभरात ते तळ्याच्या सगळ्या दिशांना जाऊन आले होते. एक दिशा सोडून.

सोमवारी तेच. मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळी ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, उद्या बहिणीचं ऑपरेशन आहे. मला फक्त एकदा सरळ जाऊ द्या."

साहेबांचा चेहरा हळवा झाला. "काका, तुमच्याबद्दल आम्हाला किती आदर आहे म्हणून सांगू. तुमच्याशिवाय हे तळं चालत नाही."

"मग मला पहिला पेपरही देऊन टाका."

"एका माणसाला दोन्ही देता येत नाहीत. मी कायदा तपासलाय. उद्या तुम्ही एकटेच असलात तर काय कराल? स्वतःलाच वाट देत बसाल."

"तसं नाही, पण एक दिवसाची रजा तरी..."

"रजेच्या काळात तुमच्या जागी कोण बाजूला होईल त्याची संमती लिहून आणा. मी लगेच सही करतो."

टेलरकाका संमती मागत गावभर हिंडले. नकार असा कुणीच दिला नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी हेच, "अहो, दिली असती, पण माझ्याकडे दुसऱ्या पेपरचा दाखला कुठाय? बेकायदेशीर होईल ते." आणि खरंच वाईट वाटून प्रत्येकाने त्यांना चहा पाजला. अकरा कप चहा झाले. शेठनी तर डोळे पुसले.

गुरुवारी सहा वाजता, उजाडता उजाडता टेलरकाकांनी होडी पाण्यात लोटली. बायको धक्क्यापर्यंत आली. "कुणाकडे बघू नका," ती म्हणाली. "हाक आली तरी ऐकू आली नाही असं करा." टेलरकाकांनी मान हलवली. पण जन्मभर ज्याने हाकेला ओ दिली त्याला एका सकाळीत बहिरं कसं होता येणार? साडेसहालाच दूधवाल्याने हाक मारली आणि सुकाणू आपोआप वळलं.

आठ वाजेपर्यंत तळं भरलं. टेलरकाका बाजूला होत होते आणि प्रत्येक वेळी कळवळून सांगत होते, "आज माझ्या अक्काचं ऑपरेशन आहे हो. दहाच्या आत पोचायचंय." ऐकणारा प्रत्येक जण हळहळत होता.

"अरे अरे, मग जायलाच पाहिजे," डॉक्टर पडद्याच्या शिडाआडून म्हणाले. "मी एवढा पुढे जातो, लगेच निघा तुम्ही."

"अहो, काकांना कुणीतरी जाऊ द्या," शेठ चारी दिशांना ओरडले. "माणुसकी आहे की नाही?" आणि काकांच्या नाळेपुढून सरळ निघून गेले.

नऊ वाजले. पलीकडचा काठ स्पष्ट दिसत होता. अक्काच्या घराचं निळं दारही दिसत होतं. काकांनी एकदा, आयुष्यात पहिल्यांदा, सुकाणू घट्ट धरून सरळ जायचं ठरवलं. धक्क्यावर कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांनी भोंगा तोंडाला लावला. "बाजूला होणारी नौका विनापरवाना सरळ जाताना दिसत आहे. दाखला जप्त होईल." आणि समोरच्या सात होड्यांनी आपले दाखले वर धरले. काकांना शेवटच्या पानावरचं वाक्य आठवलं. टक्कर टळावी म्हणून जे करता येईल ते. त्यांनी शीड उतरवलं आणि होडीत मटकन बसले. रडू आलं त्यांना, अगदी लहान पोरासारखं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तेवढ्यात पलीकडून एक होडी निघाली.

जुनाट होडी, तळाला शेवाळ, आणि शीड असं की त्यावर मूळ कापड किती आणि ठिगळं किती हे सांगता येऊ नये. टेलरकाकांनी ते शीड लांबून ओळखलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच शिवलेलं पहिलं शीड होतं ते, बहिणीच्या नवऱ्यासाठी. मेहुणे तेव्हा मासे धरत. शिवण वाकडी होती. आणि सुकाणूवर बसली होती अक्का. मान वर, नजर कशावरच नाही, वारा गालावर घेऊन ती नाकासमोर चालली होती.

"अहो आजी, थांबा!" डॉक्टर ओरडले. "वारा माझ्या उजव्या अंगाला आहे!"

"असेल बाबा," अक्का म्हणाली. "मला काही दिसत नाही."

हे वाक्य तळ्यावर पसरायला वेळ लागला नाही. हिला दिसत नाही. म्हणजे हिला दाखला दिसत नाही. डॉक्टरांनी असं काही सुकाणू फिरवलं की शिकवणीत कुणी कधी फिरवलं नव्हतं. शेठ तर तोल जाऊन होडीत आडवे झाले, पण होडी बाजूला नेऊनच. ज्या सात जणांना बाजूला होण्याचा अधिकार नव्हता ते सातही जण क्षणात बाजूला झाले, आणि त्यात कुणाचीही कुणाशी टक्कर झाली नाही. तळ्याच्या मधोमध सरळ, रुंद वाट पडली.

"छोट्या," अक्काने हाक मारली. "आहेस कुठे?"

"इकडे आहे, अक्का."

"रडतोस काय? चल, बस माझ्या होडीत. पावणेदहा झाले असतील."

भोंग्यातून साहेबांचा आवाज आला की प्राथमिक दाखल्यावर प्रवासी नेता येत नाही. अक्काने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "माझ्याकडे दाखलाच नाही रे बाबा. मग त्यावरची अट मला कशी लागेल?" साहेबांनी भोंगा खाली ठेवला आणि फाईल उघडली. ती ते दुपारपर्यंत चाळत होते.

दहाला दोन मिनिटं असताना टेलरकाकांनी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्याचं त्या दिवशी, दुसऱ्याचं पंधरा दिवसांनी. टेलरकाका महिनाभर तिथेच राहिले, डोळ्यांत थेंब घालत, मांजर आणि पातेलं वेगळं ठेवत. त्यांची रिकामी होडी तळ्याच्या मध्यावर नांगरून पडली होती. गावाचं काही अडलं नाही. लोक तिच्याजवळून जाताना म्हणत, "काका बाजूला झाले," आणि पुढे जात.

महिन्याने अक्का माहेरपणाला म्हणून भावाबरोबर इकडे यायला निघाली. सुकाणू तिच्याच हातात होतं. कितीतरी वर्षांनी तिला तळं स्वच्छ दिसत होतं; पाण्यावरची ऊन-सावली, एकेक शीड, सोफ्याच्या कव्हरवरची फुलंसुद्धा. ती हरखून बघत होती. तळ्याच्या मध्यावर समोरून डॉक्टर आले. त्यांनी अक्काचे लखलखीत डोळे पाहिले आणि दाखला वर धरला. शेठनी धरला. मागच्या चौघांनीही धरले. कुणीच हलेना.

"छोट्या, ह्या लोकांना काय झालंय?" अक्का हळूच म्हणाली. "ह्यांना दिसत नाही का, मी येतेय ते?"

"दिसतं ना अक्का. त्यांना तुझं दिसणंही दिसतंय. तीच तर अडचण आहे."

अक्काने थोडा विचार केला. मग तिने डोळे गच्च मिटून घेतले, वारा गालावर घेतला आणि सुकाणू सरळ धरलं. होड्या भराभर बाजूला झाल्या.

पुढे पूल उघडला. शिडांचे पुन्हा पडदे झाले, कपाट परत दुसऱ्या मजल्यावर गेलं, आणि पहिल्या पेपरचे दाखले लोकांनी जपून ठेवले, कारण त्यावर मुदत घातलेली नव्हती. टेलरकाका आजही त्या पुलावरून जातात, कठड्याला चिकटून, गळ्यात टेप घालून. जिन्यात, दारात, रांगेत कुणीतरी भिंतीला अंग लावून तुम्हाला आधी जाऊ दिलं असेल. आज सकाळीच दिलं असेल. त्या माणसाचा चेहरा आठवून बघा. आठवत नसेल, तर तुमचा पेपर कोणता ते विचारायला नको.